आबांनी पास केलेलं पाणी

किस्से कोणी ठरवून जमा करत नाही. आपण कामाला जातो, डबा खातो, भांडतो, घरी येतो. आणि वीस वर्षांनी एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, "काय हो, तुम्ही म्हणे नारायणगावात बसून कॉम्प्युटरवर पाणी बनवायचात?" झालं! एक सांगायला जावं तर त्याच्यामागे दुसरा उभाच. वाढपी दोनदा विचारून जातो, मठ्ठा तसाच राहतो आणि बायको लांबून डोळे वटारते.

हसण्यासारखे किस्से पुष्कळ आहेत. पण त्या सगळ्यांत आमचे आबा खुर्ची टाकून बसलेले आहेत. आबा आठवले की माझं हसू अर्ध्यावर थांबतं. म्हणून आज जरा सावकाश सांगतो.

आम्ही तिघं. मोहन सर मुंबईत जाहिरातींच्या स्टुडिओत दहा वर्षं काढून कंटाळले आणि नव्व्याण्णव साली दोन कॉम्प्युटर घेऊन नारायणगावला परत आले. खतांच्या दुकानावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या. मी बोरी बुद्रुकचा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी बसलेला. शोभा पिंपळवंडीची. बुद्धपौर्णिमेला विहारात तिनं काढलेली रांगोळी बघायला शेजारच्या गावांतून माणसं यायची, त्यात एकदा सरही गेले आणि तिला कामावर या म्हणाले. त्या काळात कॉम्प्युटरवर खरं वाटेल असं पाणी करणं म्हणजे डोकेदुखी. मोठे स्टुडिओ ते काम टाळायचे. सर म्हणाले, "जे कोणी घेत नाही ते आपण घेऊ."

नंतर आम्हाला कळलं की लोक का घेत नाहीत!

*

आमचा कूलर गळायचा. ते पाणी खाली दुकानातल्या युरियाच्या गोण्यांवर पडायचं. एके दिवशी दुकानदाराचे चुलते हे सांगायला जिना चढून वर आले. धोतर, टोपी, साठीच्या आसपासचं वय आणि पाठीचा कणा एकदम ताठ. हे आबा. कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या शेतात सोडायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. नुकतेच रिटायर झाले होते.

सर तेव्हा पाइपच्या एका जाहिरातीसाठी नदी करत होते. तीन आठवडे चाललेलं काम त्याच दिवशी पूर्ण झालं होतं. स्क्रीनवर लाटा, चमक, सगळं जागच्या जागी. आम्ही तिघं स्वतःवरच खूश होऊन बघत होतो.

आबा दारात थांबले. "ह्ये कुठलं पाणी?"

"कॉम्प्युटरचं, आबा. आम्हीच केलंय," सर म्हणाले.

आबा जवळ आले. वाकून बघितलं. मग म्हणाले, "हलतंय लई, राव. पर जात कुटंच न्हाई!"

सरांचा चेहरा पडला. कारण खरंच होतं ते! लाटा वर होत होत्या, खाली होत होत्या, पण नदी जागेवरच उभी होती. तीन शिकलेल्या माणसांना तीन आठवड्यांत जे दिसलं नव्हतं, ते या माणसाला चपला काढायच्या आत दिसलं. सरांनी त्यांना खुर्ची दिली. कूलरचं बोलणं राहूनच गेलं आणि कूलर पुढं दोन वर्षं तसाच गळत राहिला.

*

सरांनी नदी वाहती केली आणि आबांना मुद्दाम बोलावलं. आबांनी बघितलं. उजवा हात गुडघ्याशी नेला. मग मांडीशी नेला. मग खाली सोडून दिला.

"ठरत न्हाई," ते म्हणाले.

"काय ठरत नाही, आबा?" शोभानं विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यात, वर डोंगराकडं, घोड नदीच्या काठाला. नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात नदीचा आवाज एवढा, की पलीकडच्याला हाक ऐकू जात नाही. मग काठावरचा माणूस पाणी बघायचा आणि आपल्या अंगावर हात ठेवून पलीकडच्याला दाखवायचा. हात गुडघ्याला लावला तर गुडघाभर, ये. कमरेला लावला तर एकट्यानं येऊ नको. छातीला लावला की माणूस निमूट मागं फिरायचा.

"पाणी बगितलं की हात आपसूक ठरला पायजे," आबा म्हणाले. "तुमच्या पाण्याला खोलीच न्हाई. वर नुसतं चादर घातल्यागत हाय."

त्या दिवसापासून आमच्याकडं नियम झाला. आबांचा हात ठरल्याशिवाय पाणी बाहेर जायचं नाही! ती नदी चौथ्या खेपेला पास झाली. आबांचा हात कमरेवर गेला आणि तिथंच राहिला, तेव्हा शोभानं टाळी वाजवली.

जाहिरातवाल्यांचा मुंबईहून फोन आला. एवढं बरं काम नारायणगावातून आलंय यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "फायनल अप्रूव्हल कोणी दिलं?"

"आमचे सीनियर कन्सल्टंट आहेत," सर गंभीरपणे म्हणाले.

"अच्छा. त्यांचं बॅकग्राउंड?"

"इरिगेशन!"

पलीकडच्या माणसानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "व्हेरी गुड, व्हेरी गुड."

*

आता जो किस्सा सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

दुपारची वेळ होती, लाइट गेलेली. आम्ही गॅलरीत बसलो होतो. शोभानं सहज विचारलं, "आबा, तुमचा हात कधी चुकला नाही का?"

मला वाटलं आता आबा बढाई मारणार. पाटकऱ्याची ऐट मी लहानपणापासून बघितलेली.

"येकदा," आबा म्हणाले.

त्यांची थोरली बहीण, बायडाआक्का, नदीपलीकडच्या वाडीत दिलेली. पंचमीला माहेरी यायची. त्या वर्षी आबा चौदा वर्षांचे. सकाळी ते स्वतःच नदी ओलांडून आले, तेव्हा पाणी गुडघाभर होतं. दुपारी आक्काला घ्यायला काठावर जाऊन उभे राहिले. मधल्या वेळेत वर डोंगरात पाऊस झालेला. आक्का पलीकडच्या काठावर आली आणि तिनं हातानं विचारलं, किती?

"म्या हात गुडघ्याला लावला," आबा म्हणाले. "ती उतरली. मदल्या दगडापातूर आली. मंग न्हाई."

आम्ही तिघंही खाली बघत होतो.

"त्या दगडाला म्हशीचा दगड म्हनायचे. त्याच्यावर पाणी फुटून फेस येत असला, तर गुडघाभर. फेस गेला, की दगड बुडाला, उतरायचं न्हाई. ह्ये आमच्या गावचं शेंबडं पोर बी सांगंल." मग म्हणाले, "त्या दिशी फेस व्हता का न्हाई, येवढंच मला आठवत न्हाई. डोळं मिटलं की कदी दिसतो, कदी न्हाई. फेस आसंल, तर नदीनं फसवलं. फेस नसंल, तर आक्का दिसली म्हनून मी पाण्याकडं बगितलंच न्हाई. मंग म्या घालवली तिला."

नंतर धरण झालं आणि ते गाव, तो काठ, तो दगड सगळं पाण्याखाली गेलं. जाऊन बघायचीही सोय राहिली नाही. एवढं आयुष्य या माणसानं दुसऱ्याचं पाणी मोजत काढलं आणि हा एक हिशेब तसाच राहिला.

"सर, तुमी पाणी करता," आबा म्हणाले. "त्या दिसाचं पाणी करता यील का?"

मोहन सरांचा एक गुण होता, खोटी आशा दाखवायचे नाहीत. ते म्हणाले, "आज नाही येणार, आबा. दगडावर फुटणारं पाणी आमच्या मशीनला अजून जमत नाही. आम्ही रंगवून फेस काढू शकतो, पण तो आमच्या मनाचा होईल."

"मनाचा नको," आबा म्हणाले. "बगा तुमी सवडीनं. मी हाय."

*

त्यानंतर एक पौराणिक मालिका आली. त्यांना समुद्र पाहिजे होता, खवळलेला, क्षितिजापर्यंत. आम्ही दोन महिने खपून केला आणि आबांपुढं ठेवला.

आबांनी बघितलं. हात मांडीवरून हलला नाही. "मी समुद्र पायलेला न्हाई," ते म्हणाले.

"आबा, अंदाजानं सांगा की," मी म्हटलं. मला घाई होती, दुसऱ्या दिवशी कॅसेट पाठवायची होती.

"आंदाजानं?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं. "न पायलेल्या पाण्यावर मी हात ठिवणार न्हाई, भाऊ."

समुद्र पास न होताच गेला. टीव्हीवर लागला तेव्हा आबांच्या आळीतली माणसं त्यांच्या घरी जमली होती. ज्याला त्याला कौतुक, आपल्या आबांच्या हाताखालनं गेलेला समुद्र! एक पाव्हणा म्हणाला, "वा आबा, काय समुद्र केलाय!"

आबा म्हणाले, "त्यात मी न्हाई." आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. मालिका संपेपर्यंत आत आले नाहीत.

*

शोभाला मात्र दगडानं पछाडलं. तिनं एक पत्र्याची पन्हळ आणली, गॅलरीत तिरकी लावली, त्यात नदीतले गोटे ठेवले आणि वरून बादलीनं पाणी ओतायला लागली. दगडावर पाणी कसं फुटतं हे बघायचं आणि कागदावर काढायचं. असे तिचे दोन-तीनशे कागद झाले असतील.

खालून दुकानदार ओरडायचा, "अहो ताई, कूलर परवडला!"

पण पन्हळीतून काही हाती लागेना. कधी फेस यायचा, कधी नाही. सर म्हणाले, "शोभा, लहान पाणी मोठ्या पाण्यासारखं वागत नाही. बोटभर पाण्यावरून नदीचं ठरवता येत नाही."

शोभानं बादली खाली ठेवली. ती एरवी शांत, पण त्या दिवशी चिडली होती. "मग सर, मोठ्या पाण्याचं गणित करणारं मशीन आणा," ती म्हणाली, "नाहीतर आबांना सांगून टाका की होत नाही म्हणून. रोज जिना चढून येतात ते."

दीड वर्षानं सरांनी ते मशीन आणि नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात पाणी रंगवायचं नसतं. नदीचा तळ, ढाळ, दगड आणि किती पाणी येतंय एवढं भरायचं. पुढं पाणी काय करणार ते गणितानं निघतं. आपल्या मनासारखं निघेल असं नाही. काम करताना तोच त्याचा त्रास होता, आणि आबांना नेमकं तेच हवं होतं.

*

पण तळ आणायचा कुठून? तो धरणात.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि मे महिन्यात धरण पार तळाला गेलं. आबांच्या गावातलं मारुतीचं देऊळ वर आलं. आम्ही चौघं जीपनं गेलो. गाळाला भेगा पडलेल्या, घरांची जोती नुसती उभी. आबा पुढं, आम्ही मागं. ते मधेच वळत होते, मधेच थांबत होते. तिथं काहीच नव्हतं, पण ते गावातल्या बोळांमधून चालत होते. कुणाच्या तरी घराला वळसा घालून आम्ही नदीवर आलो.

म्हशीचा दगड अर्धा गाळात होता. आबांनी हातानं गाळ काढला. आम्हाला त्यांनी हात लावू दिला नाही.

आबांना एक गोष्ट पक्की आठवत होती. आक्का गेली तेव्हा ते पळत देवळाकडं आले होते आणि पाणी मारुतीच्या खालच्या पायरीला लागलेलं होतं. म्हणजे पायरीपासून दगड किती खाली हे कळलं, की त्या दिवशी दगडावर किती पाणी होतं ते कळणार. गवंडी लेव्हल काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, ती आम्ही नेली होती. एक टोक पायरीला धरून मी उभा, दुसरं टोक दगडावर धरून आबा. शोभा वहीत लिहीत होती.

लांबून एक मासेमारी करणारा माणूस आला. धरणग्रस्तांच्या जमिनीच्या मोजण्या त्यानं पुष्कळ बघितल्या असतील. "कुणाची जमीन मोजताय, पावणं?"

आबांनी वर न बघता सांगितलं, "जमीन न्हाई. पाणी."

त्या माणसानं कोरड्या नदीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवत निघून गेला. माप निघालं, दगडावर सव्वा हात पाणी. पण थोडक्या बुडालेल्या दगडावरही पाणी फुटतं; सव्वा हात पाण्यात त्या दगडावर फेस येतो का, हे नळी सांगत नाही. दिवसभर आम्ही एकेक गोटा मोजून घेतला.

*

सगळं भरलं, आणि लोडशेडिंग आडवं आलं. गणिताला सलग लाइट पाहिजे. बॅटरीवर मशीन तासभर चालायचं, आणि लाइट जायची पाच-पाच तास. मधेच बंद पडलं की पहिल्यापासून. असं सात वेळा झालं. सर डोक्याला हात लावून बसले.

आबांनी विचारलं, "लाइट कवा कुटं जाती, ह्याचा कागद आसतो ना?"

त्यांनी तो कागद आणायला लावला. चष्मा लावून वाचला. नारायणगावात जेव्हा लाइट नसते तेव्हा ओझरच्या फीडरला असते, ओझरला नसते तेव्हा पिंपळवंडीला. त्यांनी पाण्याच्या पाळ्या लावतात तशा पाळ्या लावल्या. मशीन तुकड्यातुकड्यानं काम करेल असं सरांनी करून दिलं आणि आम्ही ते जीपमधून लाइटच्या मागं मागं न्यायला लागलो. सकाळी ओझरला सरांच्या मेव्हण्याकडं, दुपारी शोभाच्या घरी, संध्याकाळी परत.

शोभाच्या आईनं मशीन ठेवायला पाट मांडला होता. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "ह्याला काय लागतं?"

"काही नाही, आई. फक्त कुणी बटण दाबू नका."

तिनं मशीनवर ओढणी टाकली आणि दारात बसून राहिली. शोभाकडून तिला आक्काचं कळलेलं. शेजारणीला म्हणाली, "हळू बोल. आत एका बाईचं काम चाललंय."

अकरा दिवस लागले.

*

आता शेवटचा. हा मी पंगतीत सांगत नाही.

गणित पूर्ण झालं तेव्हा ते आधी मी एकट्यानं बघितलं. सर बँकेत गेले होते, शोभा यायची होती. स्क्रीनवर नदी होती. मी वाकून म्हशीचा दगड शोधला. त्याच्यावरून पाणी गुळगुळीत, न फुटता चाललं होतं. फेस नव्हता. एक थेंब नव्हता.

मी घाबरलो. खरं सांगतो, मला आबांचा चेहरा दिसायला लागला. म्हातारा माणूस, रोज आमच्यासाठी जिना चढणारा, आणि आम्ही त्याला हे दाखवायचं? मी त्या नदीची दुसरी प्रत काढली आणि दगडावर फेस लावला. एव्हाना हात बसला होता माझा. असा फेस लावला की मला स्वतःला खरा वाटला.

सर आले, त्यांनी दोन्ही बघितलं. खुर्चीत बसले. "राहू दे तुझा," म्हणाले.

शोभा म्हणाली, "सर, हे पाप आहे."

"त्यांनी उरलेली वर्षं शांत झोपावं, यात पाप कसलं?"

"त्यांनी तुम्हाला झोपेचं औषध मागितलं नव्हतं. पाणी मागितलं होतं." एवढं बोलून ती आपल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसली आणि दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी माझं पाणी लावलं.

आबांनी बघितलं. हात गुडघ्याकडं गेला आणि तिथं थांबला. मी श्वास सोडला. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग आबांचा हात गुडघ्यावरून उठला. काठावर जिथं पाणी गवताला लागलं होतं, तिथं त्यांनी बोट दाखवलं. "काठाला येवढं पाणी लागल्यावर दगडाला फेस येत न्हाई," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. माझ्याकडं वळले. "भाऊ, ह्ये पाणी तुमी माज्यासाठी केलंय. आक्कासाठी करा."

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी खाली खतांच्या दुकानात जावं. शोभानं आपल्या कॉम्प्युटरवर खरं पाणी लावलं आणि आबांची खुर्ची स्वतः तिकडं वळवली.

आबा बघत राहिले. हात गुडघ्यावर आला, मांडीवर आला, कमरेवर आला, तिथूनही वर सरकला आणि छातीला लागला. तिथं राहिला. पाणी संपलं की शोभा पुन्हा लावत होती. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. हात तिथंच.

"दिसत व्हतं," आबा म्हणाले.

मला सांगायचं होतं, आबा, तुम्ही चौदा वर्षांचे होता. सर खिडकीकडं तोंड करून उभे होते.

मग आबांनी विचारलं, "पोरी, ह्ये पाणी कमी करता येतं का?"

"येतं, आबा. पण त्याचं गणित करायला पुन्हा दिवस लागतील. आत्ता नुसती पातळी खाली ओढली तर ते खरं नसेल."

"आसू दे."

शोभानं माउसनं पातळी खाली ओढली. काठाचं गवत उघडं पडलं. म्हशीच्या दगडाचा माथा वर आला.

"एवढं?"

"आनखी."

तिनं आणखी ओढलं. बाकीचे दगड दिसायला लागले. पाणी गुडघ्याच्याही खाली गेलं.

"एवढं, आबा?"

"आनखी."

पाणी घोट्याला आलं. तळाची वाळू दिसायला लागली. आता नदी म्हणावी असं फार काही उरलं नव्हतं. शोभाचा हात थांबला. तिनं आबांकडं बघितलं.

आबा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "आनखी थोडं. तिच्या डोक्यावर गठुडं व्हतं."